मेंदीच्या कुंपणातली फुलं

मंदाकिनी खांबेटे यांच्या हातची पुष्परचना पाहून माणसं तोंडात बोट घालत आणि त्यांच्या तोंडून कौतुक ऐकायला माणसं कानात प्राण आणत. पहिलं वारंवार घडे, कौतुक मात्र कधीच कानी पडत नसे. विमा कार्यालयातली नोकरी सांभाळून बाईंनी नारायण पेठेतल्या दोन खोल्यांत बावीस वर्षं पुष्परचनेचे वर्ग घेतले. शिकायला येणाऱ्यांत डॉक्टरीणबाई होत्या, कॉलेजातल्या प्राध्यापिका होत्या, एका न्यायाधीशांची सून होती. रचना पूर्ण झाली की या सगळ्या श्वास रोखून भिंतीला टेकून उभ्या राहत. बाई भांड्याभोवती एक फेरी मारत, चष्मा वर सरकवत आणि म्हणत, "हं. आत पाणी आहे ना?"

एवढं ऐकलं की ती शिष्या तरंगत घरी जाई. कारण बाईंनी पाण्याची चौकशी केली म्हणजे बाकी सगळं पास.

नऊ वर्षांपूर्वी खांबेटे दांपत्य आणि त्यांची एकुलती मुलगी शेफाली वारज्याच्या 'सुमेरू' इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहायला आली. समोरच्या दारात तुळजाबाई दांगट. ज्या जमिनीवर 'सुमेरू' उभी आहे ती जमीन दांगटांचीच. तिथे तुळजाबाईंनी ऐन उमेदीची तीस वर्षं निशिगंध आणि ॲस्टर काढले. बिल्डरने जमिनीच्या बदल्यात फ्लॅट दिले, तेव्हा तुळजाबाई आणि त्यांचे मालक भैरूअण्णा आपल्याच शेताच्या वर, हवेत, राहायला गेले. आता अण्णा दिवसभर गेटपाशी खुर्ची टाकून येणाऱ्या-जाणाऱ्याला "कुटं?" असं विचारतात आणि तुळजाबाई दार सताड उघडं टाकून साऱ्या मजल्याची खबर ठेवतात.

समोरासमोर दारं असूनही दोघींचं सूत काही जमलेलं नव्हतं. मंदाकिनीबाईंना उघडं दार आवडत नसे. तुळजाबाईंना बंद दार म्हणजे घरात कोणी आजारी असल्यासारखं वाटे.

गेल्या वर्षा-दीड वर्षात मात्र मंदाकिनीबाईंचं काहीतरी बिनसल्याचं अख्ख्या इमारतीच्या लक्षात आलं होतं. पहिली गोष्ट म्हणजे त्या कोणाकडेही चहा घेईनाशा झाल्या. अगदीच आग्रह झाला तर अर्धा कप. डॉक्टरांनी साखर तोडली असेल, असं पहिल्या मजल्याने ठरवलं. मग दिवाळीत त्यांनी दारात रांगोळी काढली नाही. पुरोगामी झाल्या, असं दुसऱ्या मजल्याचं मत पडलं. आणि सगळ्यात चवीने चघळला जाणारा विषय असा, की बाई लिफ्टमध्ये शिरल्या की हमखास चौथ्या मजल्यावर जात आणि तिथून एक जिना उतरून घरी येत. चौथ्या मजल्यावर एक विधुर निवृत्त कर्नल राहतात. आता लोकांची तोंडं कोण धरणार?

खरी गोष्ट एवढीच होती की बाईंचा उजवा हात कापत होता. बोट तीनच्या बटणाकडे निघायचं आणि चारवर जाऊन टेकायचं. नुसता मांडीवर ठेवला तर हात शहाण्यासारखा स्वस्थ बसे. पण काही करायला उचलला, कप धरला, किल्ली लावली, सुईत दोरा ओवला, की थरथर सुरू. गेल्या सहा महिन्यांत डावाही साथीला आला होता. त्या एकट्याच डॉक्टरकडे जाऊन आल्या होत्या. "हा कंपवात नव्हे," डॉक्टर म्हणाले. "वयाबरोबर येतो काहींना. जिवाला काही नाही. सावकाश वाढेल. सवय करून घ्या."

सवय करणं जमलं असतं. सांगणं जमणार नव्हतं. नवऱ्याला सांगितलं की शेफालीला कळणार, आणि शेफालीला कळलं की पुन्हा सिंगापूर होणार. चार वर्षांपूर्वी श्यामरावांच्या हृदयाची शस्त्रक्रिया झाली तेव्हा शेफालीने हातात आलेली सिंगापूरची नोकरी सोडून दिली होती. "बाबांना असं टाकून कशी जाऊ?" म्हणाली. बाबा दोन महिन्यांत पर्वती चढायला लागले, पण नोकरी गेली ती गेलीच. त्यानंतर ती खराडीच्या ऑफिसात रोज दोन तास जायला आणि दोन तास यायला घालवत होती, आणि त्या चार तासांचं पाप आपल्या डोक्यावर आहे असं बाईंना रोज संध्याकाळी दाराची बेल वाजली की वाटायचं. आता त्याच कंपनीने तिला आणि तिच्या वरदला, दोघांना मिळून, तीन वर्षांसाठी जर्मनीला पाठवायचं ठरवलं होतं. जानेवारीच्या शेवटी नोंदणी पद्धतीने लग्न, त्याच संध्याकाळी सोसायटीच्या सभागृहात ऐंशी माणसांचा समारंभ, आणि बारा दिवसांनी विमान. एवढे दिवस हात पदराखाली ठेवायचा, असा बाईंचा बेत होता.

त्या बेतावर शेफालीनेच पाणी फिरवलं. जेवताना म्हणाली, "आई, डेकोरेशनवाला नको हं. त्याचे ते प्लास्टिकचे खांब आणि थर्माकोलचे मोर बघून मला लग्नच मोडावंसं वाटेल. फुलं तू करायची. प्रत्येक टेबलावर एक, आणि स्टेजवर एक मोठं."

"माझी गुडघेदुखी—"

"गुडघ्याने थोडीच फुलं लावतेस? आई, प्लीज. मला दुसरं काहीच नकोय."

नाही म्हणायचं तर कारण द्यावं लागलं असतं. बाई म्हणाल्या, "बघू." खांबेट्यांच्या घरात 'बघू' म्हणजे होकार असतो.

*

दुसऱ्या दिवशी घरात कोणी नसताना बाईंनी माळ्यावरून आपली जुनी आयुधं काढली. सगळ्यात आधी पिनहोल्डर, म्हणजे ती शिशाची जड चकती, वर पितळी काटे उभे. फुलाचा दांडा नेमक्या कोनात त्या काट्यांवर रोवायचा. बावीस वर्षं बाईंनी तो डोळे मिटून रोवला होता. आता डोळे फाडून रोवायला गेल्या तर दांडा काट्यांच्या शेजारी, भांड्याच्या काठावर, आणि एकदा तर स्वतःच्या अंगठ्यात. चार निशिगंध चेंगरले.

मग ज्याला आयुष्यभर नावं ठेवली, तो बाजारातला हिरवा स्पंजसुद्धा त्यांनी गुपचूप आणून पाहिला. वर्गात त्या सांगत, "हे प्लास्टिक आहे, मातीत कुजत नाही, माझ्या घरात दिसता कामा नये." आता स्वतः त्यात दांडा खुपसला. हात थरथरला तसं भोक रुंद झालं, फूल आडवं झालं. दुसरं भोक, तिसरं भोक. शेवटी स्पंजचा नुसता भुगा.

टेबलावर तो हिरवा भुगा, चेंगरलेली फुलं, अंगठ्याला लाल टिपूस. आणि दारात तुळजाबाई, हातात मेथीची जुडी घेऊन. कचरा टाकायला गेलेल्या बाई दार ओढून घ्यायच्या विसरल्या होत्या, हा त्यांच्या नऊ वर्षांच्या वास्तव्यातला पहिला हलगर्जीपणा.

"ही मेथी म्हायेरच्या शेतावरनं आली व्हती..." म्हणत तुळजाबाई आत आल्या आणि टेबलाकडे पाहून थांबल्या. "बाई, हात लई कापतोय का आज?"

"आज? काहीतरीच काय! हा पंख्याचा वारा."

तुळजाबाईंनी वर पाहिलं. पंखा बंद होता.

"लोक म्हनत्यात खांबेटेबाई कर्नलसाहेबांकडं जात्यात. म्या म्हनलं, आवो, बोट घसरतंय बाईंचं. रोज बघती की म्या. लिफ्टीत तुमी, भाईर म्या."

"तुम्ही हे कोणाला—"

"कशापायी सांगू? कर्नलची गोष्ट लोकांना जास्ती गोड लागती."

बाईंना हसूही आलं आणि रडूही आलं. दोन्हीची सवय नसल्यामुळे त्या नुसत्याच खुर्चीवर बसल्या आणि दीड वर्षात नवऱ्याला जे सांगितलं नव्हतं ते सगळं, जर्मनी, सिंगापूर, डॉक्टर, समोरच्या दारातल्या बाईला सांगून मोकळ्या झाल्या. शेवटी म्हणाल्या, "तेरा भांडी करायची आहेत, तुळजाबाई. आणि एक दांडा उभा राहत नाही."

तुळजाबाईंनी मेथी ओट्यावर ठेवली. देवघराकडे पाहिलं. मार्गशीर्षातल्या पूजेपासून तो कलश तसाच तिथे होता, पानं मात्र वाळलेली.

"कलशावर नारळ कशाच्या जिवावर बसतो वो?"

"म्हणजे?"

"तांब्याचं तोंड केवढं, नारळ केवढा. पानं न्हाई खोचली तर बसंल का तसा? पाच पानं तोंडात दाबली की गप बसतो, आरती झाली, घंटा झाली, पोरं धावली तरी हलत न्हाई. तुमी त्या काट्यांच्या मागं कशाला लागलाय?"

चाळीस वर्षं बाईंनी कलश मांडला होता. पानं शोभेला असतात, असंच त्या धरून चालल्या होत्या.

तुळजाबाई खाली गेल्या आणि कुंपणाची मेंदी तोडून ओटीभर पाला घेऊन आल्या. "आमी बादलीत फुलं भरायचो नव्हं, मार्केट यार्डात न्यायला. पैला बादलीत पाला कोंबायचा, मंग त्यात निशिगंधाचे दांडे सोडायचे. टेम्पो वारज्याच्या खड्ड्यांतनं असा उडायचा, की मानसाचं डोस्कं वर आपटावं. पर फुलाची मान मोडत नव्हती." बोलता बोलता त्यांनी पितळी तांब्यात मेंदीच्या फांद्या अडकवल्या. एक डावीकडे कलती, एक उजवीकडे, तिसरी दोघींच्या मधून आरपार, चौथी त्यांच्यावर. काटक्या एकमेकींत अशा गुंतल्या की तांब्या उलटा केला तरी एक पान पडलं नाही. "आता सोडा फूल."

"पण माझा हात..."

"तवा टेम्पो हलायचा, आता हात हलतोय. फुलाला काय फरक पडतोय?"

बाईंनी दांडा धरला. तो पाल्याला इकडे धडकला, तिकडे धडकला, आणि मग हिरव्या फांद्यांच्या एका बेचक्यात आपोआप उतरला. हात सुटला. फूल उभं होतं. बाईंनी दुसरं सोडलं. तिसरं चुकलं, तर उपसून परत सोडलं. काही बिघडलं नाही, स्पंजसारखं भोक पडलं नाही की काट्यांसारखं चेंगरलं नाही. एक जागा चुकली तर पाल्यात दुसरी तयारच होती.

सात फुलं उभी राहिली. बाईंनी चष्मा वर सरकवला. तुळजाबाईंना वाटलं आता दोन गोड शब्द येणार.

"पाण्याखालची पानं काढायला हवी होती," बाई म्हणाल्या. "पाणी कुजतं."

"कुजंना का! आमची फुलं एका रातीत इकून मोकळी व्हायची."

"माझी तीन दिवस टिकतात."

"मंग काढा पानं. न्हाई कोन म्हनतंय?"

तर अशी ती शिकवणी झाली. आभार वगैरे काही नाही.

*

पण इतकी वर्षं बाई होत्या त्या, शिष्या होऊन थोड्याच गप्प बसणार? दोन दिवसांत त्यांना वाटू लागलं की तंत्र ठीक आहे, पण मेंदी म्हणजे कुंपणाचा पाला. गुरांना अडवायची झुडपं स्टेजवर? काहीतरी नाजूक हवं, जाळीदार. इमारतीच्या मागच्या बाजूला चिंचेचं झाड आहे. त्याची ती बारीक बारीक पानं उन्हात कशी झिरमिळतात! समारंभाला तीन दिवस असताना सकाळी त्यांनी चिंचेच्या फांद्या आणून मोठ्या घंगाळात रंगीत तालीम केली. पांढरा निशिगंध, जांभळे ॲस्टर, मधून ती नाजूक हिरवी जाळी. अकरा वाजता श्यामरावांनी पाहिलं आणि वर्तमानपत्र खाली ठेवलं. श्यामराव वर्तमानपत्र खाली ठेवतात म्हणजे मोठीच दाद.

बाईंनी तुळजाबाईंना बोलावलं नाही. संध्याकाळी, सगळं आणखी खुललं की दाखवू, असं ठरवून दुपारची झोप काढली.

संध्याकाळी साडेसहाला दिवा लावायला उठल्या तर घंगाळातल्या रचनेने मान टाकलेली. फुलं ताजी होती, पाणी होतं, पण पानं! प्रत्येक पान हात जोडल्यासारखं मिटलेलं. जिथे दाट जाळी होती तिथे नुसत्या काड्या, आणि काड्यांच्या फटींतून ॲस्टर चारी दिशांना पाय पसरून लोळत होते.

त्यांनी पहिल्यांदाच स्वतः होऊन समोरच्या दाराशी जाऊन हाक मारली. "तुळजाबाई, जरा येता?"

तुळजाबाई आल्या, पाहिलं, आणि सोफ्याचा हात धरून हसायला लागल्या. हसू आवरेना. "आवो बाई! चिच! दिस मावळला की झोपती ती! लहान पोराला बी ठावं हाय!"

"नारायण पेठेत चिंच फक्त बरणीत असते," बाई तुटकपणे म्हणाल्या. मग तोंड वळवून, हळूच, "माझ्या मुलीचा समारंभ सात वाजताचा आहे. हे मी त्या दिवशी केलं असतं तर?"

हसणं थांबलं. बाईंचे दोन्ही हात आता लपवायचं भान न ठेवता कापत होते. तुळजाबाईंनी ते आपल्या हातात धरले. त्यांचे हात आयुष्यभर माती उपसलेले, खरखरीत. "केलं न्हाई नव्हं? मंग झालं. मेंदी झोपत न्हाई. तिला माज्या सासऱ्यानं राखनीलाच लावलीय."

*

समारंभाच्या दिवशी सकाळी दोघी कात्र्या घेऊन कुंपणाशी गेल्या. निम्मी मेंदी कापून झाली तोच सोसायटीचे सेक्रेटरी उत्तरेश्वर माने नाइट पँटवरच धावत आले. "अहो वहिनी, हे काय? कुंपण सोसायटीची मालमत्ता आहे. पान तोडू नये, असा ठराव झालाय."

मंदाकिनीबाईंनी कात्री पाठीमागे घेतली. ठराव म्हटलं की त्यांना अजून कचेरीतला धाक वाटतो. तुळजाबाईंनी मात्र फांदी कापता कापता मान वर केली.

"उत्तरेश्वर, ही मेंदी माज्या सासऱ्यानं गुरं आत येऊ नयेत म्हनून लावली. पन्नास वरसांत एक म्हस आत आली न्हाई. तू कसा आलास तेवढं इचारायचं ऱ्हाऊन गेलं बघ."

गेटवरून भैरूअण्णांचं खदखदणं ऐकू आलं. माने कुंपणावरून नजर फिरवत म्हणाले, "बरं, छाटणी करायचीच होती म्हणा. जरा सरळ रेषेत कापा."

दुपारभर सभागृहाचं दार आतून बंद होतं. तुळजाबाई खालची पानं ओरबाडून फांद्या गुंतवत होत्या, बाई फुलं सोडत होत्या. एक दांडा कधी दोनदा चुकायचा, कधी पाचदा. पूर्वी तासात झालं असतं त्याला चार तास लागले. पण पाच वाजता बारा पितळी तांबे आणि स्टेजवरचं एक घंगाळ, सगळं उभं होतं. तळाशी गच्च हिरवं, त्यातून वर पांढरं-जांभळं, जसं काही कोणी लावलंच नाही, कुंपणातूनच उगवून आलंय. बाईंच्या जुन्या रचना नेमक्या असत, मोजून कापलेल्या. या तशा नव्हत्या. बाईंनी लांब उभं राहून पाहिलं आणि त्यांना मनातून कबूल करावं लागलं, की इतकं जिवंत त्यांच्या हातून यापूर्वी काही झालेलं नाही.

सात वाजता माणसं आली. मुलगी-जावई सह्या करून, फोटो काढून आले. आणि कौतुक सुरू झालं. बाईंची जुनी शिष्या डॉ. आम्रपाली तांब्यात डोकावून म्हणाली, "बाई, पिनहोल्डर कुठे लपवलात हो? काही दिसतच नाही!" विहीणबाई म्हणाल्या, "हातच तसा लागतो." माने म्हणाले, "शेवटी पेठेतलं शिक्षण!" खुद्द शेफाली येऊन गळ्यात पडली, "आई, तुझ्याशिवाय हे कोणाला जमलं असतं?"

बाई प्रत्येक वेळी "हं" म्हणत होत्या आणि प्रत्येक 'हं'बरोबर त्यांची नजर माणसांत तुळजाबाईंना शोधत होती. तुळजाबाई तिसऱ्या रांगेत, हिरव्या नऊवारीत, शेजारच्या बाईला जिलबीबद्दल काहीतरी सांगत बसल्या होत्या. त्यांच्या बोटांवर मेंदीच्या काटक्यांचे ओरखडे होते. या उपकाराची फेड कशी करायची ते बाईंनी ठरवलं होतंच. विमान सुटलं की घरी बोलवायचं, चांगलं लुगडं द्यायचं, गुपचूप. बाराच दिवसांचा प्रश्न होता. तसं पाहिलं तर आजची विहीणबाईंची ओटीसुद्धा त्यांनी गुडघ्यांची सबब सांगून नणंदेवर सोपवली होती. ओटी भरायची म्हणजे चारचौघांत ओंजळीने तांदूळ घालायचे. ओंजळीला दोन हात लागतात.

"काय हात आहे बाईंचा!" पुन्हा कोणीतरी म्हणालं.

बाई उठल्या. स्टेजवर तयार ठेवलेलं ओटीचं ताट त्यांनी स्वतःकडे ओढलं.

"अगं, ते विहीणबाईंचं आहे," श्यामराव कुजबुजले.

"त्यांची नंतर भरते. घरातले तांदूळ संपले का?" आणि मग, वर्गात मागच्या बाकापर्यंत पोचायचा त्या आवाजात, "तुळजाबाई, जरा वर या."

तुळजाबाई जिलबी तोंडात असतानाच आल्या. सगळ्यांच्या माना स्टेजकडे वळल्या.

"मघापासून सगळे माझ्या हाताचं कौतुक करताहेत," बाई म्हणाल्या. "ही फुलं कुंपणाच्या पाल्यात उभी आहेत. मला हे येत नव्हतं. यांनी शिकवलं. बावीस वर्षं वर्ग घेतले, त्यात मला कोणी हे विचारलं नाही आणि मलाही सुचलं नाही. तुळजाबाई, तुमचे फार उपकार झाले. पदर धरा."

आम्रपालीने शेजारणीचा हात घट्ट दाबला. बाईंनी कोणाचे आभार मानलेले तिने उभ्या आयुष्यात ऐकले नव्हते.

तुळजाबाईंनी पदर पसरला, पण डोळ्यांनी खुणावत होत्या, नको, नको. बाईंनी खण ठेवला, नारळ ठेवला. मग ओंजळ तांदळांत घातली आणि उचलली. दोन्ही हात थरथरले. तांदूळ पदरात कमी, स्टेजवर जास्त, तडतड तडतड सांडले. तो आवाज मागच्या रांगेपर्यंत गेला.

शेफाली पुढे आली. "आई. हाताला काय झालंय?"

"कापतो."

"कधीपासून?"

"दीड वर्ष. डॉक्टरांना दाखवलंय. जिवाला काही नाही. वाढेल, सावकाश."

"आणि मला सांगितलं नाहीस?"

"तू सिंगापूरला गेली नाहीस."

शेफालीचा चेहरा लाल झाला. ती वळली. "वरद, आपण जर्मनी कॅन्सल करतोय."

वरद बिचारा हातात गुलाबजामची वाटी घेऊन उभा होता. "आत्ता लगेच?" तो म्हणाला. "की जेवून?"

बाईंनी मुलीचं मनगट धरलं आणि तिला घंगाळापाशी नेलं. त्यातला निशिगंधाचा एक दांडा उपसला. ऐंशी माणसांच्या डोळ्यांसमोर तो फुलांचा दांडा हवेत डुगडुगत होता. पाल्यावर एकदा आपटला, घसरला. दुसऱ्यांदा आपटला. शेफालीने धरायला हात पुढे केला तसा बाईंनी कोपराने बाजूला सारला. तिसऱ्यांदा दांडा बेचक्यात उतरला. बाईंनी हात काढून घेतला. फूल ताठ उभं.

"अशी तेरा भांडी केली आज. याच हातांनी," त्या म्हणाल्या. "मला वेळ लागतो, पण जमतं. तू इथे बसून काय करणार आहेस? माझा हात धरून ठेवणार? आणि लागलीच मदत, तर समोर दार आहे."

"तीनशे दोन," तुळजाबाई म्हणाल्या. "बेल बी वाजवाय नको. दार उघडंच असतं माजं. बाईंनाच ते आवडत न्हाई."

"आवडायला लागेल," बाई म्हणाल्या.

शेफाली हसली का रडली ते सांगणं कठीण होतं. तिने डोळे पुसले, काजळ गालभर झालं, फोटोग्राफरने नेमका तोच फोटो काढला. श्यामराव पुढे आले आणि बायकोजवळ उभे राहून म्हणाले, "मी समजत होतो तू चहा कमी केलास."

"तुम्ही वर्तमानपत्र वाचत होतात."

वरदने हळूच विचारलं, "मग... जायचंय ना?"

शेफाली तुळजाबाईंकडे वळली. "मावशी, मला शिकवाल हे? जायच्या आधी. पण तिकडे मेंदी नसेल हो."

"कुंपन तर आसंल?"

"ते असेल."

"मंग झालं की. कुंपनाचा पाला कुटंबी कुंपनाचाच असतोय. फक्त शेजारनीला इचारून तोड. तिथं माजा सासरा न्हाई." आणि मग त्या बाईंकडे पाहून खेकसल्या, "आवो बाई, ओटी अर्धीच ऱ्हायली की! पदर धरून धरून माजा हात कापाय लागला आता!"

सभागृह हसलं. बाईंनी पुन्हा ओंजळ भरली. हात थरथरले, तांदूळ पुन्हा सांडायला लागले. शेफालीने मदतीला हात पुढे केला, क्षणभर तसाच ठेवला, आणि मग आपला आपणच मागे घेतला.

बाई घालत राहिल्या. चौथ्या ओंजळीला पदर भरला.